विश्लेषण : ‘टीथ व्हायटनिंग’ने दात खरेच पांढरे होतात का? आधी तपासणी का आवश्यक?

लग्नाचा बस्ता दादरला, दागिने गिरगावात. आणि तयारीच्या याच यादीत आता ‘टीथ व्हायटनिंग’ही आले आहे. मात्र पिवळ्या दिसणाऱ्या प्रत्येक दातावर हा उपाय नाही.

दात पिवळे का दिसतात?

चहा, तंबाखू, मिश्री यांचे डाग दातांच्या बाहेरच्या बाजूला बसतात. ते अनेकदा नुसत्या ‘स्केलिंग’ने, म्हणजे दंतवैद्यकाकडील सफाईने निघतात. दुसरे कारण आतले. इनॅमलखालचा डेंटिनचा थर मुळातच पिवळसर असतो आणि वयानुसार इनॅमल झिजले की तो अधिक दिसतो. व्हायटनिंगचा उपयोग मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात होतो.

प्रक्रिया कशी होते?

हिरड्या झाकून दातांवर हायड्रोजन पेरॉक्साइडची जेल लावतात. दवाखान्यात तिचे प्रमाण साधारण २५ ते ४० टक्के असते. घरी वापरायच्या ट्रेमध्ये बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असते. त्यातून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. ते इनॅमलमध्ये शिरून रंगद्रव्यांचे विघटन करते. त्यानंतर काही दिवस दातांत ठणका किंवा सळसळ जाणवू शकते. परिणाम कायमचा नसतो.

काय बदलत नाही?

कॅप, व्हिनियर आणि सिमेंट भरलेला भाग यांचा रंग तोच राहतो. त्यामुळे पुढच्या दाताला कॅप असल्यास रंगातला फरक उठून दिसतो. नवी कॅप किंवा फिलिंग करायचे असल्यास ते व्हायटनिंगनंतर सुमारे दोन आठवड्यांनी करणे योग्य.

आधी तपासणी का?

मुंबई शहरात ३५ वर्षे व त्यावरील सुमारे एक लाख लोकांच्या, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक महिला तंबाखू वापरत असल्याचे आढळले होते. त्यात मिश्रीचा वाटा मोठा होता. तंबाखूयुक्त टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्राने १९९२ मध्ये बंदी घातली; तरी घरी भाजलेली मिश्री लावण्याची सवय अनेक घरांत टिकून राहिली. अशा व्यक्तीच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे ही लक्षणे असतील, तर दातांच्या रंगाआधी त्यांची तपासणी हवी. ती कर्करोगाची किंवा त्याआधीच्या टप्प्याची असू शकतात. कीड, हिरड्यांचा आजार किंवा गर्भधारणा असल्यासही व्हायटनिंग पुढे ढकलावे.

कोणाकडे करावे?

नोंदणीकृत दंतवैद्यकाकडेच; ब्यूटी पार्लरमध्ये नव्हे. युरोपीय महासंघात २०१२ पासून ०.१ टक्क्याहून अधिक पेरॉक्साइड असलेली उत्पादने फक्त दंतवैद्यकांनाच विकता येतात. त्यांची कमाल मर्यादा ६ टक्के असून १८ वर्षांखालील मुलांसाठी ती वापरता येत नाहीत.

तपासणीसाठी मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय हे सार्वजनिक पर्याय आहेत. खुर्चीत बसण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : माझे डाग बाहेरचे की आतले, जेलमध्ये पेरॉक्साइड किती आणि कॅप-फिलिंगचा खर्च वेगळा येणार का?