कंपवात : केवळ वार्धक्य नव्हे

घरच्या वडील माणसाचा हात कापू लागला की ‘वय झाले’ असे म्हणून स्वस्थ बसण्याचा प्रघात आपल्या वर्धा जिल्ह्यातही आहे. आमच्या मते तो घातक होय. कंपवाताचे वर्णन जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ साली केले. मेंदूत डोपामिन नामक द्रव्य उत्पन्न करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात, तेणेकरून हालचाल मंदावते. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात कापतो, तोही बहुधा प्रथम एकाच बाजूचा. बांधावरून चालताना तो झुलत नाही. सही बारीक होत जाते. कित्येकांस कंप मुळीच नसतो, नुसता ताठरपणा असतो, आणि घरचे त्यांस आळशी ठरवितात!

पॅराक्वाट हे तणनाशक वारंवार हाताळणाऱ्यांत हा विकार अधिक असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. युरोपीय संघाने ते २००७ पासून बंद केले. कार्यकारणाविषयी वाद असला, तरी उघड्या अंगाने ते फवारू नये.

कुंपणावरील खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे या रोगावरील मुख्य औषधच, असते. परंतु त्याचे प्रमाण बियागणिक बदलते. सबब घरगुती चूर्ण न देता रोग्यास सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी दाखवावे. रोग समूळ जात नाही. औषधाने हालचाल पुष्कळ सुधारते, मात्र ते ठरल्या वेळी घ्यावे लागते व डॉक्टरांस विचारल्यावाचून एकाएकी थांबविता येत नाही.