पद्मिनीचे पाणी : जुन्या मोटारीचे तापणारे इंजिन

कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कारखान्यात फियाटच्या परवान्याने १९६४ पासून बनू लागलेली आणि १९७०च्या दशकात 'प्रीमिअर पद्मिनी' हे नाव धारण केलेली मोटार तीन दशकांहून अधिक काळ मूलतः एकाच पेट्रोल इंजिनावर चालली. त्या इंजिनाचा काटकपणा जितका सर्वश्रुत होता, तितकीच उन्हाळ्यात बोरघाट चढताना तापण्याची त्याची खोडही. मात्र या तापण्याकडे पाहण्याची रूढ रीत, म्हणजे पाणी ओतून पुढे निघणे, रोगापेक्षा लक्षणालाच औषध देणारी होती.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलमधील ऊर्जेचा ढोबळमानाने चौथा हिस्साच चाकांच्या कामी येतो. उरलेल्यातील मोठा भाग धुरावाटे जातो आणि जवळजवळ एक तृतीयांश उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. पद्मिनीच्या १,०८९ घनसेंटिमीटर क्षमतेच्या चार सिलिंडरांभोवती पाण्यासाठी पोकळी असते, तिला वॉटर जॅकेट म्हणतात. तेथे तापलेले पाणी पंपाच्या जोरावर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरते आणि पंख्याने ओढलेल्या हवेने थंड होते. रेडिएटरचे झाकण केवळ पाणी सांडू नये म्हणून नसते. ते प्रेशर कुकरप्रमाणे दाब धरते, आणि हा दाब दर चौरस इंचाला ७ पौंड असेल तर पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १११ अंशांना उकळते. झाकणाचे रबर झिजले की हा फायदा नाहीसा होतो, आणि एरवी निर्दोष असलेली गाडीही उकळू लागते.

इंजिन तापते ही तक्रार अपुरी आहे. ते कोणत्या वेळी तापते यावरून कारणाचा माग लागतो. सिग्नलला उभे असताना तापमानाचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तेव्हा दोष बहुधा हवेचा असतो, कारण पंखा पट्ट्याद्वारे इंजिनावरच फिरत असल्याने मंद गतीत त्याचा झोत क्षीण होतो आणि पट्टा ढिला असल्यास उरलासुरला जोरही जातो. उलट, शहरात ठीक चालणारी गाडी महामार्गावर वेगात तापत असेल, तर रेडिएटरच्या नळ्या बुजल्याचा संशय घ्यावा. घाटात दोन्ही दोष एकदम उघडे पडतात: इंजिनावर पूर्ण भार, गाडीचा वेग मात्र इतका कमी की समोरून हवा जवळपास येतच नाही. खंडाळ्याच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते हे खरे, पण त्या दोन अंशांना दोष देण्यात अर्थ नाही. घाटात बंद पडलेली प्रत्येक गाडी पाण्याअभावीच थांबलेली असते असेही नाही. पंपातील किंवा नळीतील पेट्रोलची उष्णतेने वाफ होऊन पुरवठा तुटतो, त्याला व्हेपर लॉक म्हणतात, आणि पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवण्याचा चालकांचा उपाय तेथे शास्त्रशुद्ध ठरतो.

नळ्या बुजतात त्या मुख्यतः बोअरच्या जड पाण्यामुळे, कारण त्यातील क्षार तापून आतून थर धरतात. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा, डाग देऊन जोडलेला असल्याने कारागीर त्याच्या वरच्या-खालच्या टाक्या सोडवून प्रत्येक नळीत सळई फिरवतो आणि टाक्या पुन्हा डागतो. या कामाला रॉडिंग म्हणतात. प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या आजच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला अशी दुरुस्ती सहसा साधत नाही. याउलट, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसे तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, काढूनच टाकण्याची सर्रास प्रथा चुकीची आहे. झडप अडकली असेल तर ती बदलावी, कारण तिच्याविना इंजिन बराच वेळ थंड राहते, पेट्रोल जास्त पिते आणि सिलिंडर लवकर झिजतात.

दुर्लक्षाची खरी किंमत सिलिंडरांवर झाकणासारख्या बसणाऱ्या हेडला मोजावी लागते. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि त्यावरचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने, आणि ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावत असल्याने, अति तापलेले हेड वाकते व दोहोंमधील गॅस्केट उडते. मग ज्वलनाचा वायू पाण्यात शिरून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, किंवा पाणी ऑइलमध्ये मिसळून ते दुधाळ होते. अशा वेळी हेड उतरवून, यंत्रावर सपाट करून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

म्हणून काटा लाल पट्ट्याकडे सरकताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, रेडिएटर हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत झाकणाला स्पर्श करू नये, आणि नंतर इंजिन मंद गतीत चालू ठेवून पाणी थोडे थोडे ओतावे. तापलेल्या हेडवर एकदम गेलेले गार पाणी त्याला तडा पाडू शकते.