पाणी दुष्फेन, डोकं गरम!

शॅम्पू बदलला, साबण बदलला, पार्लरसुद्धा बदललं. पण बोअरचं पाणी तेच! त्यावर घरच्या घरी काय चालतं आणि कुठे पैसे फुकट जातात?

वाकड, हिंजवडी, वाघोली, उंड्री... पत्ता कुठलाही असो, पुण्यात नव्या फ्लॅटमध्ये शिफ्ट झालेल्या मंडळींची पहिल्या दोन महिन्यांतली तक्रार ठरलेली. केसांचा झाडू झालाय, शॉवरची भोकं बुजलीयेत, काचेच्या ग्लासवर पांढरे डाग राहतायत. आणि आईनं फोनवर सांगितलेल्या रेसिपीनं लावलेली तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही दाताखाली येतेय. मग ऑफिसच्या कँटीनमध्ये सल्ल्यांचा पाऊस! 'तुरटी फिरव.' 'शॉवर फिल्टर लाव.' 'सरळ आरओ घे रे, टेन्शन नको.'

थांबा. कार्ड स्वाइप करण्याआधी हा मामला काय आहे ते बघू.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'दुष्फेन' नावाचा एक शब्द होता, आठवतोय? ज्यात साबणाला फेस येत नाही ते पाणी. बोलताना आपण त्याला 'जड पाणी' म्हणतो, पण खरं जड पाणी अणुभट्टीत लागतं, आपल्या बाथरूममध्ये नाही! आपल्या नळातल्या पाण्यात असतात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. पुण्याखाली दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या खडकाच्या भेगांमध्ये मुरतं आणि मुरताना हे क्षार सोबत घेतं. खडकवासला किंवा पवना धरणातलं पाणी जमिनीच्या पोटात इतकं मुक्कामाला नसतं, म्हणून ते बरंच सौम्य. सदाशिव पेठेतल्या आजीकडे तोच शॅम्पू भसाभसा फेस देतो आणि तुमच्या बोअर-टँकरवाल्या सोसायटीत रुसून बसतो, याचं कारण हे.

भारतीय मानक ब्युरोच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. म्हणजे ४०० चं पाणी प्यायलात तर लगेच काही बिघडत नाही. बिघडतो तो गीझर.

तुमचा आकडा किती, हे मात्र माहीत हवं. इथे सगळे टीडीएसचं पेन बुडवतात. ते पेन पाण्यात एकूण क्षार किती याचा अंदाज देतं, त्यातले कठीण किती हे सांगत नाही. त्यापेक्षा थेंबांचा टेस्ट किट घ्या. पाणी लालसर होतं, मग थेंब मोजत टाकायचे. निळं झालं की थेंबांवरून आकडा. तेवढाही उत्साह नसेल तर एका बाटलीत तुमचं पाणी, दुसरीत धरणाचं, दोन्हीत साबणाचा सारखाच चुरा टाकून जोरात हलवा. फरक डोळ्यांना दिसतो.

आता उपाय. तुरटी आधी निकालात काढू. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, कठीणपणा जात नाही. पॉइंट संपला.

उकळणं हा आजीचा फंडा अर्धा बरोबर आहे. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा उकळल्यावर पांढरा साका होऊन तळाशी बसतो, म्हणून त्याला तात्पुरता म्हणतात. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला हटत नाही. चहासाठी पातेलंभर पाणी उकळून, निवळून घेतलं तर चहावरचा तवंग कमी होतो. पण आंघोळीचं पाणी उकळून, गार करून वापरणार? गॅसचं बिल बघून केस तसेही गळतील!

कपड्यांसाठी मात्र धुण्याचा सोडा झक्कास. तो दोन्ही प्रकारचा कठीणपणा साक्याच्या रूपात खाली आणतो आणि स्वस्तही आहे. ५०० च्या पाण्याची पंधरा लिटरची बादली असेल तर एक-दोन चमचे पुरतात. साबण मागून घाला. रेशमी आणि लोकरी कपडे लांब ठेवा. आणि हो, हा सोडा म्हणजे खायचा सोडा नव्हे. डाळीत चिमूटभर घालतात तो खायचा.

नळावर, शॉवरवर, केटलमध्ये बसलेला थर काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व पुरतं. कोमट पाण्यात विरघळवा, शॉवरचं तोंड त्यात तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशनं घासा. टॉयलेटचं अ‍ॅसिड नळाला लावू नका, क्रोमची चमक जाते. आणि कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू होतो. गीझर ५०-५५ अंशांवर ठेवलात तर थर हळू साचतो.

आता तुमचा लाडका शॉवर फिल्टर. ज्यावर सॉलिड मार्केटिंग चाललंय तो. त्याचं गणित मांडू. कठीणपणा काढायचा तर आत रेझिन हवं: बारीक मणी, जे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून बदल्यात सोडियम सोडतात. लिटरभर रेझिन साधारण ५० ग्रॅम कठीणपणा पकडतं. तुमच्या मुठीएवढ्या फिल्टरमध्ये समजा पाव लिटर रेझिन आहे. म्हणजे साडेबारा ग्रॅम. ५०० च्या पाण्यात हे संपतं २५ लिटरमध्ये. एका आंघोळीत खेळ खलास! मग जाहिरातीतले 'सहा महिने' कसले? बहुतेक फिल्टर कार्बन वगैरेनं क्लोरीन आणि गाळ कमी करतात. ते वाईट नाही, पण तुमची तक्रार ती नव्हतीच. वॉशिंग मशीनच्या पाइपवर बसणारे फॉस्फेटचे गोळे याहून प्रामाणिक. ते क्षार काढत नाहीत, फक्त थर धरू देत नाहीत. पाइपला गुंडाळायच्या मॅग्नेटवर मी तरी पैसे घालणार नाही. क्षार पाण्यातच राहतात आणि फायद्याचे पुरावे उलटसुलट आहेत.

आरओ कठीणपणा काढतो, यात वाद नाही. पण तो पिण्याच्या पाण्यापुरता. शिवाय घरगुती मशीन एका शुद्ध लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी सहज फेकतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये, जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओला मनाई करा असं म्हटलं होतं. धरणाचं पाणी येत असेल तर तुम्हाला त्याची गरज बहुधा नाहीच. आणि त्या फेकलेल्या पाण्यात कपडे धुणाऱ्या इको-फ्रेंडली मंडळींनो, ते पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त कठीण असतं बरं का!

राहिला सॉफ्टनर. आंघोळ, कपडे, गीझर या सगळ्यांवर एकदम चालणारा उपाय हाच. तत्त्व तेच रेझिनचं, पण माल भरपूर. दहा लिटर रेझिन ५०० च्या पाण्यात सुमारे हजार लिटर चालतं. मग किलो-दीड किलो जाड्या मिठाचं पाणी त्यातून फिरवायचं की रेझिन पुन्हा ताजं. हे मीठ टाकणं न विसरणारा एक तरी रूममेट घरात हवा, नाहीतर दोन आठवड्यांनी तुमचा सॉफ्टनर नुसता शोपीस. सुरुवातीला अंगावरचा साबण निघालाच नाही असं वाटतं, वाटू दे. मात्र ५०० चं पाणी पूर्ण सौम्य केलं की लिटरमागे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. म्हणून स्वयंपाकघराचा नळ त्यातून वगळा, विशेषतः घरी कोणाला बीपी असेल तर. टीडीएस कमी होत नाही, जंतूही मरत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात गुइयाँ-बारे सिंड्रोमचे पेशंट वाढले तेव्हा संशय पाण्यातल्या जंतूंवर होता. सौम्य पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे.

आणि केसांचं काय? अशा पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो, ते राठ होतात, तुटतात. पण मुळापासून गळण्याचं खापर पाण्यावर फोडायला ठोस पुरावा नाही. झोप, ताण, रक्तातलं लोह तपासून घ्या. त्वचेचंही तसंच. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर सॉफ्टनरची चाचणी झाली. २०११ मध्ये निकाल आला, नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तेव्हा शेवटची बादली धरणाच्या किंवा आरओच्या पाण्याची घ्या आणि डॉक्टरकडे जा, सॉफ्टनरच्या सेल्समनकडे नको.

भाड्याच्या घरात मशीन बसवायचं तर मालकाशी आधी बोला, कारण प्लंबिंग तोडावं लागतं. सोसायटीनं मिळून बोअरच्या लाइनवर मोठा सॉफ्टनर बसवला तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च कमी येतो. मिठाचं सांडपाणी बागेत सोडायचं नाही, एवढं मीटिंगमध्ये ठरवून घ्या. आणि घर अजून शोधतच असाल तर ब्रोकर बाल्कनीतून टेकडीचा व्ह्यू दाखवत असताना तुम्ही बाथरूममध्ये जाऊन शॉवरची भोकं बघा. पांढरी, बुजलेली दिसली तर भाड्यात घासाघीस करायला एक मुद्दा मिळाला.