मोडेम बदलायचा, पण कशासाठी?

अमेरिकेत आजही कोट्यवधी घरांत इंटरनेट टीव्हीच्याच जाड केबलमधून येतं. न्यू जर्सी असो की टेक्सास, तिथल्या अनेक मराठी घरांतही कोपऱ्यात एक केबल मोडेम दिवे लुकलुकवत बसलेला असतो. सिनेमा अडकला, पुण्याच्या आजीचा चेहरा पडद्यावर थिजला, की पहिला संशय त्याच्यावर जातो. सगळ्या साखळीत वय दिसतं ते त्याचंच. पण मोडेम बदलायचा की नाही हे वयावरून ठरवू नये. मोडेम स्वतःच पुरावा देतो, तो आधी वाचावा. पुष्कळदा दोष दुसरीकडे निघतो आणि नवी खरेदी म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी ठरते.

पुरावा वाचण्यासाठी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकायचा. बहुतेक केबल मोडेम इथेच आपली प्रकृती सांगतात. तक्ता पाहून घाबरायला होतं, पण त्यातल्या तीन गोष्टी पुरतात. येणाऱ्या सिग्नलची ताकद साधारण उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही असावी. सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर ३३ डेसिबलच्या वर असावं. तिसरा आणि सर्वांत बोलका रकाना दुरुस्त न होऊ शकलेल्या चुकांचा. मोडेम बंद-चालू केला की हा हिशेब शून्यावर येतो, म्हणून तो आधी टिपून घ्यावा. चुका तासातासाला वाढत असतील तर बहुधा केबलमध्ये गडबड असते: सैल कनेक्टर, गंजलेलं टोक, किंवा कधीकाळी दुसऱ्या टीव्हीसाठी लावलेला स्प्लिटर. दोन फाट्यांचा साधा स्प्लिटरही प्रत्येक फाट्याला निम्म्याहून कमी सिग्नल देतो, आणि तो काढायला एक पैसा लागत नाही. यानंतर वाय-फाय बाजूला ठेवून लॅपटॉप तारेने थेट मोडेमला जोडायचा, मोडेम पुन्हा चालू करायचा आणि वेग मोजायचा. ज्या वेगाचे पैसे भरतो त्याच्या जवळ आकडा आला तर मोडेम निर्दोष सुटला. मग राउटर कुठे ठेवलाय, मध्ये भिंती किती आहेत, शेजाऱ्यांची वाय-फायं किती गर्दी करताहेत, ते बघावं. आकडा ९४ मेगाबिटच्या आसपास अडून बसला तर नेटवर्कची तार किंवा पोर्ट शंभराचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मोडेम खरोखर तोकडा पडतो केव्हा, याचा हिशेब शाळकरी आहे. केबल इंटरनेट डॉक्सिस नावाच्या मानकावर चालतं. २००६ साली आलेल्या डॉक्सिस ३.० ने अनेक चॅनल एकत्र बांधण्याची सोय केली आणि एका चॅनलमधून सुमारे ३८ मेगाबिट कामाला येतात. आठ चॅनलच्या मोडेमचं छत ३०० च्या आसपास, सोळाचं ६०० च्या. त्यातही हे चॅनल गल्लीतल्या इतर घरांसोबत वाटून घ्यावे लागतात, त्यामुळे घेतलेल्या वेगाच्या दुप्पट जागा असलेली बरी. म्हणजे १०० मेगाबिट घेणाऱ्याला आठ चॅनलचा जुना मोडेम चालतो. ५०० घेणाऱ्याला तो कधीच पुरणार नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. प्रश्न फक्त छताचा नसतो. २०१३ साली आलेल्या डॉक्सिस ३.१ चे मोडेम नवे, रुंद चॅनल वापरतात. जुना मोडेम तिकडे जाऊच शकत नाही आणि संध्याकाळी जुन्या चॅनलांच्या गर्दीत अडकतो. शिवाय ३.१ मध्ये मोडेमपाशी माहितीची रांग साचू न देण्याची तरतूद आहे, त्यामुळे घरात कुणी मोठी फाइल पाठवत असताना दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल कोलमडत नाही. इंटेलच्या प्यूमा ६ चिपवरचे काही जुने मोडेम तर भरपूर चॅनल असूनही मध्येच दचके देतात, हे २०१६ मध्येच उघड झालं होतं. हा आक्षेप मान्य, पण तोही पुराव्यावरच उभा राहतो: तारेवर मोजलेला वेग सकाळी पुरेसा आणि रात्री आठला ढासळलेला असला, तर बदलण्याला कारण आहे. गल्लीची केबलच भरलेली असेल तर मात्र नव्या मोडेमनेही फरक थोडाच पडेल. आणि न्यू जर्सीहून पुण्याला जाऊन परत यायला सिग्नलला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. तो समुद्राखालचा प्रवास कुठलाही मोडेम आखूड करत नाही.

‘पुढे उपयोगी पडेल’ हा दुसरा युक्तिवाद मला पटत नाही. आज न वापरलेल्या क्षमतेचे पैसे आज भरायचे, आणि गरज येईतो पुढचं मानक बाजारात आलेलं असतं, डॉक्सिस ४.० आलंही आहे. मोडेम भाड्याचा असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःचं उपकरण वापरणाऱ्याकडून कंपनीने उपकरणाचं भाडं घेऊ नये, असा कायदा अमेरिकेत २०१९ च्या अखेरीस झाला आणि महिन्याला दहा-पंधरा डॉलर भरणाऱ्याचा विकतचा मोडेम वर्ष-दीड वर्षात फिटतो. त्यासाठी वेगाचं निमित्त लागत नाही. घेताना मात्र डॉक्सिस ३.१ चाच घ्यावा, आणि आपल्या कंपनीच्या मंजूर यादीत त्याचं नाव आहे ना, हे पैसे देण्याआधी तपासावं. यादीबाहेरचा मोडेम कंपनी चालू करून देत नाही.