सिबेलियसची आठवी सिंफनी, जी कुणी ऐकलीच नाही

आज बोलायचंय फिनलंडच्या संगीताबद्दल, आणि सुरुवात करतो अशा एका रचनेपासून जी तिच्या कर्त्यानेच जाळून टाकली.

जाँ सिबेलियसचा जन्म 1865 चा. तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होता. 1899 साली वृत्तपत्रांवर निर्बंध आले. त्याला उत्तर म्हणून हेलसिंकीत जो कार्यक्रम झाला, त्याच्या संगीताचा शेवटचा भाग म्हणजे आजचं ‘फिनलंडिया’. 1917 मध्ये देश स्वतंत्र झाला, तोवर सिबेलियस हा फक्त संगीतकार राहिलाच नव्हता. तो देशाचा आवाज झाला होता. हे ओझं किती असेल, विचार करा!

आता त्याची कामाची पद्धत बघा. 1915 च्या एप्रिलमध्ये त्याला सोळा हंस उडताना दिसले. डायरीत त्याने त्याची नोंद केली. पाचव्या सिंफनीच्या शेवटी हॉर्न वाद्यांवर जी झुलणारी धून येते, ती याच हंसांची. ही सिंफनी त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी वाजली, गाजली. पण त्याचं समाधान होईना. त्याने ती दोनदा नव्याने लिहिली, चार भागांचे तीन केले. सातवी (1924) तर सलग एकाच भागाची, जेमतेम वीस-बावीस मिनिटांची. म्हणजे तो सतत काटछाट करत चालला होता. 1926 चं ‘टापिओला’ ऐकताना मला जाणवतं, एका छोट्याशा सुरावटीतून अख्खं जंगल उभं राहतं. याहून कमी काय करणार?

आणि तिथेच गाडी अडली. आठव्या सिंफनीची बॉस्टनचे कंडक्टर कुसेवित्स्की वाट बघत राहिले. ती आलीच नाही. 1940 च्या दशकात सिबेलियसने हस्तलिखितं कपड्यांच्या टोपलीत भरली आणि घरातल्या शेकोटीत घातली. पत्नी आयनोने पुढे सांगितलं, की त्यानंतर तो शांत झाला. 1957 पर्यंत तो जगला, पण मोठं असं काही लिहिलं नाही.

याला काही जण हार म्हणतात. मला तसं वाटत नाही. स्वतःची नक्कल करण्यापेक्षा त्याने थांबणं पत्करलं.

शिवाय त्याने पुढच्यांची वाट अडवली नाही. 1955 मध्ये कुसेवित्स्कींच्याच नावाच्या संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी त्याने एका तरुणाची निवड केली: आयनोयुहानी राउटावारा. त्याने 1972 मध्ये ‘कॅन्टस आर्क्टिकस’ लिहिलं. त्यात ऑर्केस्ट्रासोबत टेपवर ध्वनिमुद्रित केलेले उत्तरेकडचे खरे पक्षी गातात! पुढच्या पिढीतली काइया सारियाहो पॅरिसला गेली, कॉम्प्युटर आणि वाद्यं एकत्र आणली. 2016 साली तिचा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये झाला; 1903 नंतर तिथे स्त्री संगीतकाराचा ऑपेरा पहिल्यांदाच होत होता.

तर गृहपाठ असा: आधी पाचवीचा शेवटचा भाग ऐका, मग ‘टापिओला’, मग ‘कॅन्टस आर्क्टिकस’. ‘टापिओला’ संपल्यावर लगेच पुढचं लावू नका. एक मिनिट नुसते बसा. त्या शांततेनंतर पक्षी ऐका, आणि काय वाटलं ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!