आपल्या माळाचं चित्र, दवाखान्याच्या भिंतीवर

आजच्या गप्पांचा विषय जरा वेगळा आहे. शेळीपालन नाही, पापड-लोणचं नाही, की बँकेचं कर्जही नाही. आज आपण बोलणार आहोत एका भिंतीबद्दल. प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपर काढून आपण ज्या खोलीत नंबरची वाट बघत बसतो, त्या खोलीच्या भिंतीबद्दल.

त्या खोलीत गरोदर बाई तपासणीला येते, तान्ह्या बाळाला लस द्यायला आई येते, बीपीच्या गोळ्या न्यायला आजी येतात. नंबर येईपर्यंत तास-दोन तास सहज जातात. तेवढा वेळ समोर काय दिसतं? डेंगूचा डास, तंबाखूने सडलेलं तोंड आणि पोपडे आलेला रंग. माहितीचे तक्ते हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण आधीच जीव धास्तावलेल्या माणसाच्या डोळ्यांना विसावा मिळेल असंही तिथे काही हवं.

हे नुसतं आपल्याला वाटतं असं नाही. अमेरिकेतले संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला होता. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. 23 जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, 23 जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जालीम औषधंही कमी लागली. आता, ती खिडकी होती, चित्र नव्हतं. चित्राने आजार बरा होतो असं कुणी सांगू नये आणि आपणही मानू नये. पण हिरवं काही नजरेला पडलं की मन थोडं सैल होतं, हे शेताच्या बांधावर बसून भाकरी खाणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

मग भिंतीवर काय काढायचं? इथेच खरी गोष्ट सुरू होते. आपण 'निसर्गचित्र' म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच चित्र येतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नारळाचं झाड, तळं आणि तळ्यात पांढरे हंस. चित्र वाईट नसतं, पण ते कुठलं? आपण राहतो माळरानावर. पाऊस कमी, झाडं काटेरी, माती कुठे काळी तर कुठे मुरमाड. आपल्या शिवारात हंस पोहत नाहीत. मग आपल्या पोरांना काय वाटतं? निसर्ग म्हणजे दुसरीकडे असतो, आपल्याकडे नुसता दुष्काळ. ही समजूत भिंतीवरून पुसायची असेल तर भिंतीवर आपलाच माळ आला पाहिजे.

म्हणून आम्ही गटांना सांगतो, रंगाचा डबा उघडण्याआधी एक बैठक घ्या. त्यात एकच प्रश्न विचारा: आपल्या शिवारात वर्षभर काय काय दिसतं? सुरुवातीला बायका म्हणतात, आपल्याकडे काय आहे बघण्यासारखं! पण एकदा बोलणं सुरू झालं की वहीची पानं पुरत नाहीत. चैत्रात कडुनिंबाला मोहर येतो, मृगात निंबोळ्या पिकतात. पहिला पाऊस पडला की मखमली लाल मृगाचे किडे चालू लागतात. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकतात. पावसानंतर तरवड पिवळाधमक होतो. संक्रांतीच्या सुगडात घालायला बोरं तयार असतात. फाल्गुनात पानं झडलेला पळस केशरी फुलांनी पेटतो. शिवाय चंडोल, होला, सरडा, मुंगूस, सशाचं पिल्लू. झालं की चित्र तयार!

सुगरणीची एक गंमत सांगतो. नाव सुगरण, पण घरटं विणतो तो नर. अर्धं घर विणून झालं की मादी येऊन पाहते. तिला पसंत पडलं तरच संसार. दवाखान्यात बायकोबरोबर आलेल्या नवऱ्याने हे चित्र जरूर बघावं, नाही का?

या बैठकीला म्हाताऱ्या आजींना आवर्जून बोलवा. आता क्वचितच दिसणारं काय काय पूर्वी दिसायचं, ते त्याच सांगू शकतात. माळढोक पक्षी घ्या. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली अभयारण्य झालं, पण आज आपल्यातल्या किती जणींनी तो डोळ्यांनी पाहिलाय? हा पक्षी उघड्या माळावर, जमिनीवरच, बहुधा एकच अंडं घालतो. माळ नांगरला गेला की त्याचं घर गेलं. असा पक्षी चित्रात आला की नातवंडं विचारतील, हा कोण? त्यावर आजीला सांगता येईल. भिंत मग नुसती शोभेची राहत नाही.

काही गोष्टी मात्र दवाखान्यात टाळाव्यात. घुबड, पिंगळा उंदीर खातात, शेतकऱ्याचे मित्रच ते. साप तसाच. पण आपल्याकडे आजारी माणसाच्या समोर घुबड दिसलं तर घरचे चरकतात. दुखण्यात असलेल्या माणसाची समजूत बदलायची ती जागा नव्हे. घुबड शाळेच्या भिंतीवर काढा आणि तिथे मुलांना समजावून सांगा. दवाखान्यात होला आणि सुगरण पुरेत.

आणखी एक. भिंतीवरचं चित्र म्हटलं की पुष्कळ जणी वारलीकडे वळतात. वारली चित्रकला ही पालघर भागातल्या वारली आदिवासींची. लग्नाच्या वेळी घरातल्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचं काम मुळात तिथल्या सवाशिणींचं. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कलेला भौगोलिक मानांकनही आहे. वारलीच हवी असेल तर वारली कलाकाराला बोलवा आणि त्याला योग्य मोबदला द्या. आपण त्यांच्याकडून घ्यायची ती रीत: जे आपल्या भोवती आहे तेच भिंतीवर काढायचं. आणि आपल्याही हातात कला आहेच. नागपंचमीला भिंतीवर नाग कोण काढतं? चैत्रात अंगणात चैत्रांगण कोण रेखतं? आपणच ना!

आता भिंतीकडे वळू. आधी ती कोरडी आहे का पाहा. फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंतीत ओल आहे. पांढरी बुरशीसारखी पूड, म्हणजे लोणा, दिसत असेल तरी तेच. अशा भिंतीवर कितीही भारी रंग लावा, एका पावसात फुगे धरतो. आधी छताची गळती नाही तर नळाची गळती काढायला लावा. नवीन गिलावा असेल तर किमान महिनाभर सुकू द्या. काम दिवाळीनंतर काढावं, उन्हाळ्यापर्यंत हवा कोरडी असते.

दुसरं, बसणारी माणसं कुठे बसतात ते पाहा. बाकाच्या मागच्या भिंतीवर चित्र काढू नका. तिथे डोक्याचं तेल लागतं आणि चित्र पाठीमागे राहतं. बाकाच्या समोरची भिंत निवडा. बाकावर बसलेल्या बाईची नजर जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर असते, तेव्हा मुख्य चित्र त्या उंचीच्या आसपास हवं. लहान मूल जेमतेम तीन फुटांचं. त्याच्यासाठी खाली मुंग्यांची रांग, सरडा, मृगाचे किडे काढा. रडणारं पोर मुंग्या मोजत बसलं की आईला तेवढाच श्वास मिळतो.

सगळी भिंत भरून टाकायचा मोह आवरा. वरचा निदान तिसरा हिस्सा मोकळं आभाळ म्हणून फिकट ठेवा. खोली अंधारी असेल तर गडद हिरव्याने ती आणखी अंधारते. माळाचे रंग तसे सौम्यच आहेत: वाळल्या गवताचा पिवळट, मातीचा तपकिरी, कडुनिंबाचा हिरवा. भडक रंग पळसापुरता आणि तरवडापुरता ठेवा, म्हणजे तो उठून दिसतो. मांडणी डावीकडून उजवीकडे बारा महिन्यांची करा. चैत्रापासून सुरुवात, फाल्गुनाला शेवट. वाचता न येणाऱ्या आजीलाही ते चित्र वाचता येतं.

दवाखान्याचे तक्ते लावायला एका बाजूला चौकट सोडा. नाहीतर महिन्याभरात तुमच्या सुगरणीवर पोलिओचा तक्ता चिकटलेला दिसेल. त्यात चूक तक्त्याची नाही, जागा ठेवली नाही तर तो लावायचा कुठे?

कागदावरचं चित्र भिंतीवर मोठं कसं करायचं? समजा भिंत 12 फूट रुंद आणि 8 फूट उंच आहे. कागदावर 12 इंच बाय 8 इंच चित्र काढा आणि त्यावर एकेक इंचाच्या चौकटी आखा. भिंतीवर खडूची पूड लावलेल्या दोरीने एकेक फुटाच्या चौकटी मारा. उभी रेघ ओळंब्याने तपासा. दोन्हीकडे 96 चौकटी झाल्या. आता कागदावरच्या एका चौकटीत जे आहे तेच भिंतीवरच्या त्याच चौकटीत काढायचं. ठिपक्यांची रांगोळी काढणारीला ही पद्धत दहा मिनिटांत जमते. पाच जणींनी चौकटी वाटून घेतल्या तरी चित्र एकसंध होतं.

रंग पाण्यात मिसळणारा घ्या, म्हणजे इमल्शन, आणि तोही चकाकी नसलेला. चकाकणाऱ्या रंगावर ट्यूबलाइटचा उजेड परावर्तित होतो, चित्र नीट दिसत नाही. ऑइलपेंटचा वास आजारी माणसांना आणि गरोदर बायांना त्रासदायक. भारतात नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त असायला बंदी आहे. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. डब्यावर तसा उल्लेख वाचून घ्या, सुटा रंग घेऊ नका. भिंतीवरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. पाणी मारून ओला खरवडा, तोंडाला फडकं बांधा, आणि त्या दिवशी गरोदर बायका व मुलांना खोलीपासून लांब ठेवा. विजेच्या बोर्डाजवळ काम करताना मेन स्विच बंद. घोडा हलतो का ते चढण्याआधी पाहायचं. पहिल्यांदा प्रायमर, मग आभाळाच्या रंगाचे दोन हात, ते वाळल्यावर चौकटी आणि चित्र.

आता शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा, मजुरीचा. शहरातून पेंटर आला तर तो चौरस फुटाचा भाव सांगतो आणि पंचायत तो देते. तेच काम गटाच्या बायकांनी केलं की म्हणतात, "ताई, तुमची हौसच आहे, चहा-नाश्त्याचं बघतो आम्ही." मैत्रिणींनो, हौस असते आपल्या अंगणात. सरकारी भिंतीवर आठ दिवस उभं राहणं हे काम आहे, आणि कामाला दाम असतो.

म्हणून हिशोब आधी कागदावर मांडा. पाच जणी, आठ दिवस, म्हणजे 40 दिवसांची मजुरी. बैठका आणि कागदावरचं चित्र यांचे दिवस त्यात वेगळे धरा. प्रायमर, रंग, ब्रश, घोड्याचं भाडं, जाण्यायेण्याचा खर्च लिहा. एकूण रकमेला 96 ने भागलं की तुमचा चौरस फुटाचा भाव निघतो. तो भाव घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जा, ग्रामसभेत विषय मांडा. परवानगी लेखी घ्या. सामानाचे पैसे आगाऊ मागा. पैसे गटाच्या बँक खात्यात जमा होऊ द्या. चित्र पक्कं झाल्यावर कागदावरच्या चित्रावर दोन्हीकडच्या सह्या घ्या, म्हणजे अर्ध्या कामात "इथे एक हंस पण काढा" असं कुणी म्हणणार नाही. आणि चित्राच्या खाली कोपऱ्यात गटाचं नाव आणि साल लिहायला लाजू नका.

पुढच्या बैठकीत वहीचं एक कोरं पान काढा आणि त्यावर लिहा: आपल्या शिवारात वर्षभर काय दिसतं? वीस नावं झाली की अर्धं काम झालं म्हणून समजा. तुमच्या यादीत काय काय आलं ते आम्हाला केंद्रावर जरूर कळवा.