दसरा काढताना बुरशी जाते कुठे?

पाऊस परतीला लागला, घटस्थापना जवळ आली की घरोघरी दसरा काढायला सुरुवात होते. माळ्यावरचे डबे खाली येतात, गोधड्या धुवायला निघतात, वर्षभर न हललेलं कपाट चौघांनी मिळून पुढे ओढलं जातं. मुंबईत आणि कोकणात त्या कपाटामागे हमखास दिसते ती करड्या-हिरव्या बुरशीने माखलेली भिंत. तिच्यावर पहिला हात पडतो सुक्या फडक्याचा, नाहीतर केरसुणीचा. चार फटकारे मारले की भिंत बरी दिसते. चुकतं ते इथेच.

भिंतीवर दिसणारी पूड म्हणजे मुख्यतः बुरशीचे बीजाणू. घरात सर्रास आढळणाऱ्या ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशींचे बीजाणू साधारण दोन ते पाच मायक्रॉनचे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तीन मायक्रॉनचा कण अगदी शांत हवेत तासाला जेमतेम एक मीटर खाली येतो. म्हणजे डोक्याच्या उंचीवर उडवलेला बीजाणू जमिनीला टेकायला दीड-दोन तास घेणार, तेही पंखा बंद असेल तर. आपण पंखा लावूनच झटकतो. भिंतीवरची बुरशी मग पलंगावर, पडद्यांत, उघड्या ठेवलेल्या कपड्यांवर जाऊन बसते. काही नाकातही जाते.

बरं, उडतात ते फक्त बीजाणूच नाहीत. बुरशीचे तंतू वाळले की त्यांचा चुरा होतो. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या संशोधकांनी 2002 साली प्रयोगशाळेत बुरशीवरून हवेचा झोत सोडून पाहिलं, तेव्हा काही वेळा बीजाणूंच्या तीनशे पटींहून अधिक संख्येने तंतूंचे सूक्ष्म तुकडे उडालेले आढळले. हे तुकडे बीजाणूंहून लहान, त्यामुळे श्वासावाटे अधिक खोलवर पोचणारे. पावसाळाभर ओलसर राहिलेली बुरशी आपण नेमकी ती वाळायला लागल्यावर झटकतो.

आणि ही पूड मेलेली असली तरी फरक पडत नाही. ॲलर्जी होते ती बुरशीच्या प्रथिनांची. त्यासाठी बुरशी जिवंत असण्याची गरज नसते. शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं, दमेकऱ्याला धाप लागणं, सगळं मेलेल्या बीजाणूंनीही होऊ शकतं. म्हणून बुरशी मारण्यापेक्षा ती घराबाहेर काढण्याला महत्त्व आहे. बाजारातल्या बहुतेक फवाऱ्यांच्या जाहिराती मात्र मारण्याच्याच गोष्टी करतात.

ब्लीचचंच घ्या. काळा डाग पाहता पाहता पांढरा होतो आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. ब्लीचमधलं हायपोक्लोराइट डागातल्या मेलॅनिनचा रंग उडवतं, एवढं खरं. गुळगुळीत टाइलवर वरची बुरशी मरतेही. पण प्लॅस्टर किंवा प्लायवूडसारख्या सच्छिद्र वस्तूत हायपोक्लोराइट वरवरच संपून जातं, आत मुरतं ते बाटलीतलं पाणी. म्हणजे आत शिरलेल्या तंतूंना उलट ओलच मिळते. शिवाय ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड चुकूनही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरने सगळं निघतं असं सांगणाऱ्यांनी आधी आपल्या शहाबादी फरशीकडे पाहावं. ती चुनखडीची असते, आम्लाने खरवडली जाते.

दुसरा लाडका उपाय म्हणजे वरून रंग मारणं. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचा डिसेंबर 2020 मध्ये मृत्यू झाला. घरातल्या बुरशीच्या दीर्घकाळ संपर्कामुळे श्वसनसंस्थेला झालेला गंभीर आजार हे त्याचं कारण, असा निष्कर्ष तिथल्या मृत्युचौकशी अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर 2022 मध्ये दिला. वडिलांनी 2017 मध्येच तक्रार केली होती; वरून रंग मारा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा 2023 मध्ये तिथे झाला. आपल्याकडे अशी भिंत पाहून घरमालक काय सांगतो, हे भाड्याने राहणाऱ्या कुणालाही विचारा.

पूर्वी गणपतीआधी कोकणातल्या घरांना चुन्याची सफेदी व्हायची, तिच्यात मात्र तथ्य होतं. ओला चुना अतिशय अल्कधर्मी, त्यावर बुरशी तग धरत नाही. शिवाय त्यातून भिंतीची ओल बाहेर पडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा जोर हळूहळू ओसरतो, म्हणून सफेदी पुन्हा पुन्हा काढावी लागे. आजच्या पाण्यात मिसळणाऱ्या अनेक रंगांत दाटपणासाठी सेल्युलोजपासून बनवलेले पदार्थ असतात, आणि सेल्युलोज हे बुरशीचं आवडतं खाद्य.

मग काढायची कशी? आधी पंखा बंद, आतल्या खोल्यांची दारं बंद, खिडकी उघडी. कोविडच्या काळातला एन-95 मास्क कपाटात पडून असेल तर तो इथे कामाला येतो. भिंतीवर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून बुरशी भिजवायची. ओली पूड उडत नाही. मग पुसायचं, वरून खाली, आणि फडकं खंगाळायला वेगळी बादली ठेवायची. सुटलेले पोपडेही भिजवूनच खरवडायचे. साधा व्हॅक्युम क्लीनर इथे नको. बारीक कण तो मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो. हेपा फिल्टरचा असेल तर चालेल, तो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. मग दोन-तीन तास खोली बंद ठेवून, हवेतलं सगळं खाली बसलं की जमीन, टेबल, पंख्याची पाती पुन्हा ओल्या फडक्याने पुसायची. ही दुसरी फेरी बहुतेक जण गाळतात. शेवटी सगळं 24 ते 48 तासांत खडखडीत वाळायला हवं. फुगलेलं प्लाय आणि आतपर्यंत कुबट झालेली कापसाची गादी वाचवण्याच्या फंदात पडू नये. गोधडी धुऊन कडक उन्हात घालणं उत्तम. नुसतं ऊन दाखवलं तर बुरशी मरेल, पण आतच राहील. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी, ओल त्यांना शोषता येत नाही.

डाग दहा चौरस फुटांच्या आत असेल तर घरच्या घरी साफ करायला हरकत नाही, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. त्याहून मोठा असेल, किंवा घरात दमेकरी असेल, तर जाणकाराला बोलावलेलं बरं. एक भीती मात्र सोडून द्यावी. 2021 मध्ये काळी बुरशी म्हणून ज्याची दहशत बसली, त्या म्युकरमायकोसिसची बुरशी वेगळ्या गटातली. भिंतीवरचा काळा डाग बहुधा क्लॅडोस्पोरियमसारख्या बुरशीचा असतो. आणि पांढरी पूड दिसली तर आधी तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार. बुरशी विरघळत नाही.

एवढं करूनही पुढच्या श्रावणात डाग त्याच जागी आला, तर पाणी कुठून येतं ते शोधायला हवं. पावसाळ्यात 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असताना प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे 23 ग्रॅम बाष्प असतं. दहा बाय दहाच्या खोलीत मिळून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी. शेजारच्या खोलीतल्या एसीमुळे भिंत 24 अंशांवर उतरली, तर तिच्यालगतच्या हवेत 22 ग्रॅमच मावतं; उरलेलं भिंतीवर दव होऊन बसतं. घरातच वाळत घातलेले कपडे यात आणखी दोन-तीन लिटरची भर घालतात. असं असेल तर कपाट चार बोटं पुढे सरकवून मागे हवा खेळू दिली तरी पुष्कळ फरक पडतो.

दव आहे की गळती, हे ओळखायला ॲल्युमिनियम फॉइल पुरतं. हातभर तुकडा भिंतीवर चारी कडांना चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवायचा. ओल फॉइलच्या खोलीकडल्या बाजूला आली तर ती हवेतली. भिंतीकडल्या बाजूला आली तर पाणी भिंतीतून येतंय: बाहेरच्या तड्यातून, गच्चीतून, नाहीतर वरच्यांच्या मोरीतून. तेव्हा रंगाऱ्याच्या आधी प्लंबरला बोलवावं, आणि सोसायटीच्या मीटिंगला जाताना त्या फॉइलचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा.